मामींचं 'येते'

चौथ्या मजल्यावरच्या त्या नव्या घरात भिंतभर कपाटं होती, पण देवांसाठी कोनाडा म्हणाल तर एक नाही. शेवटी देव बसले वॉशिंग मशीनवरच्या फळीवर. मशीन कपडे पिळायला लागलं, की बाळकृष्ण थरथरत गोल फिरायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा.

"रुसलाय," म्हणत मामी त्याला सरळ करायच्या.

मामांना परमुलखात डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, म्हणून हे बिऱ्हाड इथं आलं. मामा सकाळी सातला बाहेर पडले, की घरात मामी आणि भिंती. पहिल्याच दिवशी मामींनी देवाला बजावलं होतं, "महिन्याभरात बोलायला एक तरी माणूस दे. नाहीतर मी परतले म्हणून समज. तुलाही पिशवीत घालून नेईन."

तिथल्या भाषेतली वीसेक वाक्यं त्यांनी वहीत लिहून घोकली होती. बाविसाव्या दिवशी स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला आणि ती वापरायचा योग आला. प्लंबरनं नळ नीट केला, पिशवी उचलली. घरचं वळण, पाहुण्याला 'जा' कसं म्हणायचं? मामी त्याच्या भाषेत गोड आवाजात म्हणाल्या, "या हं!"

प्लंबर परत आत आला. नळ उघडून पाहिला, बंद केला, निघाला.

"या!"

तो पुन्हा आला. या खेपेला ओट्याखाली पार आडवा झाला. तिसऱ्यांदा 'या' म्हटल्यावर बिचारा स्टुलावरच बसला, तेव्हा मामींनी त्याला चहा दिला. तो पिऊन, मामींची पाठ वळताच, तो चपळाईनं पसार झाला.

"किती मायाळू माणूस! पाय निघत नव्हता," मामींनी संध्याकाळी मामांना सांगितलं.

धीर वाढला. दुसऱ्या दिवशी पडद्यांची उंची कमी करायला कात्री हवी म्हणून मामींनी समोरचं दार वाजवलं. तिथं एक म्हातारी शिंपीणबाई एकटी राहायची. तिनं कात्री दिली, कॉफी दिली, पडदेसुद्धा स्वतःच टाचून दिले. खुणांनी आणि वीस वाक्यांत तासभर गप्पा झाल्या. देवानं ऐकलं म्हणायचं! निघताना मामी तिच्याच भाषेत म्हणाल्या, "मी येते."

पुढचे तीन दिवस ते दार काही उघडलं नाही. चौथ्या दिवशी उघडलं, आतून एक शिंक आली आणि धाडकन मिटलं.

"माझं काय चुकलं हो?" मामी रोज संध्याकाळी मामांना विचारायच्या. एकोणतिसाव्या दिवशी मामा कामावरून आले ते हसू दाबतच.

"लिफ्टमध्ये शिंपीणबाई भेटली. तू तिला 'येते' म्हणालीस?"

"मग काय 'जाते' म्हणू? भरल्या घरातून निघताना?"

"अगं, ती दोन कप मांडून, दार सताड उघडं टाकून अंधार पडेपर्यंत तुझी वाट बघत बसली. वाऱ्यानं सर्दी झाली तिला. म्हणते, तुमची बायको थापाडी आहे."

"अगंबाई!"

"आणि त्या प्लंबरला काय म्हणालीस?"

"या म्हणाले."

मामा चपलांच्या कपाटावर बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

मामी आल्याचा काढा घेऊन समोर गेल्या. दार बोटभर उघडलं. मामी हात जोडून एकेक शब्द शोधत म्हणाल्या, "आमच्यात 'जाते' म्हणत नाहीत. वाईट असतं. 'येते' म्हणजे... जाते. पण परत येणार."

शिंपीणबाईनं नाक पुसलं, विचार केला. "येणार. पण कधी?"

हा प्रश्न मामींना जन्मात कुणी विचारला नव्हता. "उद्या," त्या चाचरत म्हणाल्या. "नाही, तुम्हीच या. चार वाजता."

तिसाव्या दिवशी चारच्या ठोक्याला शिंपीणबाई हजर! सहाला उठली. दाराशी थांबून सुनेची तक्रार सुरू केली, ती अर्धा तास. मग ऐटीत म्हणाली, "मी येते."

"या हं!" मामी सवयीनं म्हणाल्या.

शिंपीणबाई खुशाल आत येऊन पुन्हा खुर्चीत बसली. मामींनी चहाचं आधण ठेवलं. तिकडे मशीन पिळायला लागलं, बाळकृष्ण फिरला. मामींनी त्याला सरळ केलं.

"कळलं हो," त्या पुटपुटल्या. "आता इथंच राहायचं. पण फिरू नकोस सारखा."