गायकवाडबाईंचं मेलबर्नचं तिकीट

गायकवाडबाईंना मी खोटं सांगितलं होतं. हे आजवर कुणालाच, बायकोलाही, बोललेलो नाही.

जुळे सोलापुरात माझं विमान-रेल्वे तिकिटांचं छोटं दुकान आहे. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. शटर वर गेलं की पायरीवर चपला काढून आत यायच्या. "आज मेलबर्न काय म्हणतंय रे महेश?" थोरली बहीण, अक्का, तिकडे मुलाकडे, सुनीलकडे, राहायची. आई गेल्यावर बाईंना तिनंच वाढवलेलं. दोन वर्षांतून एकदा बाई तिला भेटून यायच्या, आणि त्या एका तिकिटासाठी पाच महिने आधीपासून रोजचं भाडं वहीत उतरवायच्या. मोबाईलवर बघा म्हटलं तर, "नको. मला माणसाच्या तोंडचं भाडं पाहिजे."

वर्गात शुद्ध बोलणाऱ्या बाई माझ्याकडे मात्र गावचं बोलायच्या. "आमच्या सांगोल्यात टँकर यायच्या आधी जी घागर लावती, तिलाच पाणी." मुलाकडे निघालेल्या एका जोडप्याला दरडावलं, "शनिवारच का? मुहूर्त हाय का? मंगळवारी जावा की, निम्म्यात जाल!" कॉलनीत त्यांना मागे चिक्कू म्हणायचे. त्यांना माहीत होतं. "म्हणू देत. वाचलेल्यात अक्काला दोन साड्या जास्त नेते."

शेवटच्या वेळी त्यांनी बजावलं होतं, "अक्काला बरं न्हाय. तारीख बदलता येणारंच काढ, महाग पडू दे." मला मात्र एकदा त्यांच्या वहीतल्या सगळ्यांत कमी आकड्याच्याही खाली जाऊन दाखवायचं होतं. मी न बदलणारं काढलं आणि "बदलतं" म्हणून सांगितलं.

निघायला अकरा दिवस असताना बाई धापा टाकत आल्या. "अक्काला दवाखान्यात ठेवलंय. आजचं, उद्याचं, फिरून जाणारं, कसलंबी बघ. पैशाचं बोलू नको, बांगड्या मोडते."

स्क्रीनवर जागा होत्या. चौपट भाड्याच्या, पण होत्या. पण मग जुनं तिकीट बदलत नाही, ते वाया गेलं, हे सांगावं लागणार होतं. मी उगाच चार बटणं दाबली. "एकही सीट नाही, बाई. सगळं फुल्ल."

त्या रोज येत राहिल्या. मी रोज तेच सांगितलं. पहिल्या दिवशी भीती होती. नंतर पहिल्या दिवसाचं खोटं सांभाळायचं होतं. नवव्या दिवशी अक्का गेली.

बाई ठरल्या तारखेला जाऊन आल्या आणि दुकानात येऊन बसल्या. "सुनील म्हणाला, मावशी, त्याच आठवड्यात माझा मित्र मुंबईहून आला, विमानात जागा होत्या. तू स्वस्ताची वाट बघत बसलीस." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरंच सीट नव्हती न्हवं?"

"नव्हती, बाई."

"मग त्या मित्राचंच कायतरी चुकतंय," म्हणाल्या आणि उठल्या. भाडं विचारायला पुन्हा कधी आल्या नाहीत.

गेल्या वर्षी बाई गेल्या. शेजाऱ्यांनी सुनीलला फोन केला. "तिकीट फार महाग आहे," एवढंच तो म्हणाला म्हणे.

त्याचा नंबर माझ्याकडे आहे. त्याची मावशी कुठल्याही भाड्यानं यायला तयार होती, तिला अडवलं ते मी, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. एवढं मी दोघांचं देणं लागतो.