खाऱ्या कचऱ्याचं पोतं

मला माहेरी नेलं ते माझ्या चुलतसासऱ्यांनी; हे आधी सांगते, कारण पुढे मी त्यांची बरीच थट्टा करणार आहे. आष्ट्यापासून इस्लामपूरपर्यंत त्यांच्याइतका हट्टी माणूस झाला नाही. समुद्रात फेकलेल्या प्लास्टिकवर एक दिवस जगातल्या सगळ्या बोटी चालतील असं मानणारा तर, बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या त्या वर्षांत, अख्ख्या मुलखात दुसरा कोणी नव्हता.

तरुणपणी ते बोटीच्या इंजिनखोलीत तेलपाणी बघायचे. "बोटीवरनं टाकल्यालं बोटीनंच खावं," हा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी आमच्या गुऱ्हाळामागे त्यांनी भट्टी मांडली होती: झाकण घट्ट बसवलेलं लोखंडी पिंप आणि त्यातून निघून पाण्याच्या हौदातून फिरवलेली नळी. पिंपात फुटक्या बादल्या, प्लास्टिकच्या चपला, फाटक्या पिशव्या. खाली चिपाडांचा जाळ. नळीच्या तोंडातून पिवळं तेल थेंब थेंब गळायचं आणि हे समोर बसून, नातवाचं बारसं असावं तसे, हसायचे. एकदा त्या धुराचा वास गुळालाच लागला. चपलेची आठवण करून देणारा गूळ सांगलीचा अडत्या कशाला घेतोय? ढेपा परत आल्या तर म्हणाले, "घरी खावा की! बोटीवर ह्याच्याहून वंगाळ खाल्लंय मी." हातभट्टी समजून पोलीसपाटील धावून आले, तेव्हा यांनी वाटी पुढे केली. "घ्या पाटील, पहिल्या धारेची हाय." पाटील वास घेऊन जे डोळे पुसत गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. विहिरीच्या इंजिनात ते तेल घातलं, तर पान चघळून होईतो चाललं आणि काळा धूर ओकून बंद पडलं. "त्येल बोटीचं हाय," ते शांतपणे म्हणाले, "हे इंजिन लहान पडतंय."

मी चौथीत शाळा सोडलेली, घाटाखालच्या खाडीकाठची. सासरी पाणी मागायलाही भीत असे. ऐन ऊसतोडीत आईनं अंथरूण धरल्याचं कार्ड आलं. मुऱ्हाळी न्यायला आल्याशिवाय सुनेनं माहेरी जायचं नाही, ही रीत. आणि मला ना बाप, ना भाऊ. येणार कोण? दोन दिवस कार्ड पदरात बांधून फिरले. भट्टीपाशी चिपाडं टाकताना मी डोळे पुसलेले बघून चुलतसासऱ्यांनी विचारलं, "काय गं, धूर लागला व्हय?" मी कार्ड पुढे केलं. त्यांनी वाचलं आणि तडक सासूबाईंकडे गेले.

"वयनी, समुद्राचा कचरा पायजे मला. पोतंभर."

"आवं भाऊजी, हितं उकिरडं काय कमी हायती?"

"त्ये गोडं प्लास्टिक. बोटीच्या तेलाला खारंच लागतंय."

"मग जावा की एकलं."

"कुठं साठतंय ते मला काय ठावं? ह्या पोरीचा समुद्र हाय तो. हिला न्हेतो संगं."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "न्हेवा बाबा, पर ते पोतं माज्या घरात नगं!"

खाडीवर पोतं पहिल्याच दिवशी भरलं. फाटक्या जाळ्यांचे तुकडे, डबे, बाटल्या. आता उद्या परतायचं म्हणून मी रात्रभर धसकलेली. सकाळी पाहते तर पोतं निम्मं रिकामं! संध्याकाळी भरायचं, सकाळी निम्मं. चौथ्या पहाटे मी आईसाठी पाणी भरायला उठले, तेव्हा सुरूच्या झाडांमागे खड्डा करून चुलतसासरे पोतं ओतताना दिसले. मला बघून ओशाळले. "चाळून घेतो गं. माल चोख पायजे." असं आठ दिवस माल चाळणं चाललं. आठ दिवस मी आईला पेज भरवली, तिची वेणी घातली. त्यानंतर ती मला दिसली नाही.

परत आल्यावर तो खारा माल त्यांनी गोड्या चपलांबरोबर एकाच पिंपात घातला.

आता त्यांचे गुडघे गेलेत. समुद्राचा विषय निघाला की गुडघे चोळत बसतात. "चला की एकदा," म्हटलं तर म्हणतात, "काम न्हाई, धाम न्हाई, उगं कशाला?" पण एक दिवस मी त्यांना खाडीवर नेणार, नक्की नेणार. कसलं तरी काम काढून, भरतीच्या वेळी नेऊन बसवणार. घरच्यांना काय थाप मारायची ते अजून सुचत नाही. त्यांच्यासारखं डोकं मला नाही. पण सुचेल.