डोंगर फुटण्याआधी

दर शुक्रवारी सकाळी बहरीनमध्ये, जिदहफ्समधल्या आमच्या फ्लॅटवर आपल्या लोकांची सात-आठ मुलं जमायची. नागपूरला मी शाळेत विज्ञान शिकवायचे. इथे नवऱ्याच्या व्हिसावर घरीच होते, म्हणून हा वर्ग सुरू केला. मुलांना मराठी कळायचं, उत्तरं मात्र इंग्रजीत यायची.

त्या दिवशी ज्वालामुखी होता. परातीत मातीचा डोंगर केला, पोटात खायचा सोडा भरला, वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर ओतलं. फेस उसळला, मुलं हरखली. मग खरा डोंगर कसा फुटतो ते सांगितलं. जमिनीखाली वितळलेला खडक, त्यात कोंडलेला वायू, वाढत जाणारा दाब. फुटण्याआधी बहुतेक वेळा खुणा दिसतात, जमीन थरथरते, फुगते, गंधकाचा वास येतो.

नऊ वर्षांची एक मुलगी परातीपासून लांब बसली होती. तिचे बाबा आणि माझा नवरा सित्राच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एकाच शिफ्टला होते. सहा महिन्यांपूर्वी वाफेची लाइन फुटून ते गेले. तिने इंग्रजीत विचारलं, "कुणी आधीच सांगितलं, तर लोक ऐकतात का?"

"कधी ऐकतात, कधी नाही," मी म्हणाले.

त्या सकाळी तिच्या बाबांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं होतं, की लाइन थरथरतेय. शिफ्ट संपू दे, मग कळवू, असं हा म्हणाला होता. हे त्याने फक्त मला सांगितलं होतं. तेव्हापासून घरातलं वॉशिंग मशीन हादरायला लागलं, की हा त्यावर हात ठेवून ते थांबेपर्यंत उभा राहायचा.

मुलीचा प्रश्न मी त्याला सांगितला. तो जेवला नाही. पुढच्या आठवड्यात त्या मायलेकी कायमच्या गावी निघणार होत्या. त्याआधी त्याने सगळं ऑफिसात लिहून दिलं, आणि आम्ही त्यांच्याकडे गेलो. त्याने मान खाली घालून सांगितलं. साड्यांच्या घड्या घालता घालता वहिनी थांबल्या.

"भाऊ, त्यांनी मलाही फोन केला होता, लाइन थरथरतेय, घरी येतो म्हणाले. मीच म्हटलं, शिफ्ट सोडून येऊ नका, साहेब चिडतील."

त्यांनी हातातली साडी बॅगेत ठेवली. मग त्या म्हणाल्या, की पोर मोठी झाली की त्या स्वतः तिला सांगतील, तोवर आम्ही काही बोलायचं नाही. आम्ही हो म्हणालो.

तेवढ्यात मुलगी शेजारून परत आली. तिने आमच्या तिघांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काहीच विचारलं नाही.