नेलकटरबाईंचे बिनजंतूंचे उंदीर

बाईंचा पारा त्या दिवशी सकाळीच चढला होता. तो उतरलेला फारसा कुणी पाहिला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

प्रयोगशाळेच्या उंदीरघराची सगळी देखरेख बाईंकडे. दाराशी उभं राहून येणाऱ्याची बोटं तपासायची आणि नख वाढलेलं दिसलं की खिशातून नेलकटर काढून तिथल्या तिथे कापायचं, मग समोर मोठा शास्त्रज्ञ का असेना. म्हणून पाठीमागे सगळे त्यांना नेलकटरबाई म्हणत. तोंडावर म्हणायची छाती एकट्या मामांची. मामा पिंजरे धुवायचे, उंदरांना खाणं पोचवायचे आणि दिवसभर काहीबाही गुणगुणायचे.

"काय नेलकटरबाई, आज कुणाची बोटं छाटली?"

"जीभ छाटायचं यंत्र मिळू दे, पहिला नंबर तुमचा."

आता हे उंदीर काही साधेसुधे नव्हेत. जन्मल्यापासून त्यांच्या पोटात एकही जंतू नाही. राहायला फुगवलेल्या प्लास्टिकचा बंद तंबू, हवा गाळलेली, खाणंपिणं निर्जंतुक. माणसाचा हात आत जायचा तो तंबूलाच जोडलेल्या लांब रबरी हातमोज्यांतून. जावयाचेसुद्धा एवढे लाड कुणी करत नाही! आणि हे सगळं कशासाठी? तर आतड्यातले जंतू अन्नातला चोथा आंबवून काही आम्लं तयार करतात, ती रक्तात उतरतात आणि त्यांचा सांगावा मेंदूपर्यंत जातो, असं दिसत होतं. मेंदूत राखणदार पेशी असतात, कचरा उचलणाऱ्या, रोगाशी झुंजणाऱ्या. पोटात जंतूच नसले की या राखणदार कच्च्याच राहतात, जणू पहाऱ्यावर शाळकरी पोर उभं केलंय. पाण्यातून तीच आम्लं पाजली की उंदरांमधल्या या पेशी पुष्कळशा सावरायच्या. माणसांतही तसंच होत असेल का, असं बाईंनी विचारलं की प्रयोगाच्या प्रमुख मॅडमचं उत्तर ठरलेलं. "कदाचित."

या कदाचितवर बाईंचा भारी राग. घरी त्यांचे अण्णा, स्वतःच्या लेकीला "तुम्ही कुणाकडच्या?" म्हणून विचारू लागलेले.

"कदाचितच्या गोळ्या मिळतात का हो दुकानात?" बाई फणकारायच्या. पण त्या तंबूत दुसऱ्या कुणाला हात घालू द्यायच्या नाहीत. तो मान त्यांचा.

तर त्या सकाळी लेंड्यांचा तपासणी-अहवाल आला. तंबूत जंतू शिरले होते. सगळे उंदीर प्रयोगातून बाद.

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. "ज्याची चूक असेल, तो उद्यापासून उंदीरघरात दिसणार नाही."

बाईंनी वळून थेट मामांना धरलं. "खाणं आत सरकवताना दोन दारांच्या मधे औषध फवारून थांबायचं असतं! थांबलात का? की गाणं संपलं म्हणून आतलं दार उघडलंत?"

"थांबलो होतो, बाई."

"खोटं! तुमच्या गळ्यालाच कुलूप घालायला हवं होतं!"

"बाई, मी थांबलो होतो," मामा पुन्हा म्हणाले आणि न गुणगुणता पिंजरे धुवायला वळले. मॅडमनी त्यांना संध्याकाळी हिशेब घेऊन जायला सांगितलं.

दुपारी बाई तंबू उतरवायला लागल्या. हातमोजे काढून ते पाण्याने भरून बघायचे, ही नेहमीची रीत. डावा कोरडा निघाला. उजव्याच्या अंगठ्यातून मात्र बारीक चिळकांडी उडाली ती सरळ बाईंच्या डोळ्यात.

"मेल्या कंपनीचा माल!" बाई ओरडल्या. छेद बघायला म्हणून त्यांनी रबर ताणलं. चंद्रकोरीसारखी चीर. त्यांनी आपला अंगठा शेजारी धरला.

नख वाढलेलं होतं. अण्णांच्या गोळ्यांची चंदेरी पाकिटं फोडायला सोयीचं पडायचं, म्हणून राहू दिलेलं. दाराशी जगाची बोटं तपासली जायची, पण बाईंची तपासायला तिथे कोण उभं होतं?

बाई तशाच ओला हातमोजा घेऊन मॅडमच्या खोलीत घुसल्या आणि तो टेबलावर आपटला. कागद भिजले.

"हे घ्या! भोक माझं आहे. माझ्या नखाचं. मामा थांबले होते!"

"बाई, ओरडू नका."

"का नको? सकाळी मी त्यांच्यावर ओरडत होते तेव्हा तुम्ही नाही अडवलंत!"

मॅडमनी तो मोजा भिजलेल्या कागदांवरून उचलून बाजूला ठेवला. "मामा राहतील. तुम्ही उद्यापासून पिंजरे धुवा. तंबूला हात लावायचा नाही."

"कायमचं?"

"कदाचित."

बाई मोजा तिथेच सोडून बाहेर पडल्या.

दाराबाहेर मामा उभे होते. सगळं ऐकलेलं दिसत होतं. त्यांनी हात पुढे केला. "नेलकटर द्या."

बाईंनी दिलं.

"अंगठा."

"मामा, माझं चुकलं..."

"अंगठा म्हणालो." त्यांनी नख कापलं ते पार मुळाशी.

"अहो, किती खोल! आता गोळ्या कशाने फोडू?"

"कात्रीने." मामांनी नेलकटर स्वतःच्या खिशात टाकलं. "आणि उद्या आत शिरायच्या आधी माझ्याकडे बोटं दाखवायची."

ते चालू लागले. बाई कान देऊन उभ्या राहिल्या. जिन्याच्या टोकापर्यंत मामा काही गुणगुणले नाहीत.