पुलियाला न नेलेला कुकर

न्यू जर्सीतल्या आमच्या पाच मराठी कुटुंबांचा प्रवासाचा एक शिरस्ता होता. नायगारा असो की वॉशिंग्टन, कुकर, विजेची शेगडी, तांदूळ, मूगडाळ आणि गोडा मसाला डिकीत चढल्याशिवाय गाडी आमच्या पार्सिपनी गावातून हलत नसे. मोटेलच्या खोलीत स्वयंपाकाला बंदी. म्हणून शेगडी बाथरूममध्ये लागायची, दाराच्या फटीला टॉवेल लावायचा आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून बायको कुकरच्या शिट्टीवर ओला नॅपकिन टाकून शेजारी बसायची. माझं काम कॉरिडॉरमध्ये उभं राहायचं आणि कुणी आलं की खोकायचं.

मी आकड्यांचा माणूस आहे. गाडीत मैल आणि मुक्काम टिपायची वही ठेवतो. त्या वहीप्रमाणे नऊ वर्षांत आम्ही एक्केचाळीस रात्री मोटेलमध्ये काढल्या. त्यांपैकी मी भात लावला अशा रात्री शून्य. हा आकडा वहीत नाही, पण तो खरा आहे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एका उन्हाळ्यात हा शिरस्ता मोडला. आमच्या शेजारची म्हातारी इटालियन बाई मूळची पुलियाची. इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, त्यातली टाच म्हणजे पुलिया. तिनं एकदा कुंपणावरून एक वाडगा दिला. फावा नावाचं, वालासारखं चपटं कडधान्य पुरणासारखं घोटलेलं, पण खारं, वर कडू पालेभाजी आणि ऑलिव्हचं तेल. बायको मांस, मासे, अंडी काहीच खात नाही. तिनं तीनतीनदा विचारून खात्री केली. म्हातारी हसली. म्हणाली, "माझ्या आईकडे मटण वर्षातून दोनदा, नाताळला आणि ईस्टरला. बाकी दिवस हेच. पास्तासुद्धा रवा आणि पाण्याचा, त्यात अंडं नाही." मग तिनं पत्राच्या पाकिटाच्या पाठीवर नकाशा काढून दिला.

त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, मला एकदा अशी सुट्टी हवी, जिथं मी काहीही शिजवणार नाही. आपण पुलियाला जाऊ. पण कुकर नेणार असाल तर तुम्ही बापलेकच जा. मी घरी बसते."

आमची दहा वर्षांची मुलगी म्हणाली, "नो कुकर? प्रॉमिस?"

पुढच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येक घरानं एकेक पदार्थ आणायच्या आमच्या जेवणाला, मी हे जाहीर केलं. आमच्या सहलींची आखणी करणारा नागपूरचा मित्र भडकलाच.

"इटलीला जाऊन रोम नाही? व्हेनिस नाही? बारा दिवस त्या पुलियात काय करणार यार?"

"जेवणार," मी म्हणालो.

"काय जेवणार? वहिनींना उपाशी मारतोस का तिकडे?"

दुसऱ्या दिवशी तो स्वतःचा ट्रान्सफॉर्मर घेऊन आला, कारण आपली शेगडी तिकडच्या विजेवर चालत नाही. मी कुकर, शेगडी, डाळ-तांदूळ, ट्रान्सफॉर्मर असं सगळं एकत्र बाथरूममधल्या वजनकाट्यावर ठेवलं. सव्वीस पौंड. ट्रान्सफॉर्मर त्याच्या घरी परत पोचवला.

पण खरं सांगायचं तर माझाही धीर सुटला. निघायच्या सकाळी दोन पौंड मूगडाळ मी माझ्या बॅगेत गुपचूप घातली. बायकोला बॅग उचलताच कळलं. तिनं पिशवी काढली, कुंपणापाशी गेली आणि शेजारणीच्या हातात ठेवली.

पुलियात आम्ही बारा दिवस तीनच ठिकाणी राहिलो. बारीच्या जुन्या गल्ल्यांत बायका दारात बसून फळीवर पास्ता वळतात. पिठाचा तुकडा बोथट सुरीनं ओढायचा, अंगठ्यावर उलटायचा, की छोट्या कानासारखा तुकडा तयार. एकीनं बायकोला करून बघ म्हणून खुणावलं. तिनं हसून मान हलवली आणि पायरीवर पाय पसरून बसली. अल्बेरोबेल्लोला दगडावर दगड रचून केलेली, चुना न वापरलेली शंकूची छपरं आहेत. एका गल्लीत मी त्रेसष्ट मोजली. मुलगी टोमॅटो दाबलेला जाड पाव खात माझ्यामागून मोजत होती, तिची एकसष्टच भरली. लेच्चेला पिवळ्या मऊ दगडाच्या चर्चवर इतकं कोरीवकाम आहे की मोजायचं मी सोडून दिलं.

तिथंच एकदा फसलो. कडू भाजीच्या पास्त्यात बारीक मासा विरघळवलेला होता. दुसऱ्या घासाला बायकोनं काटा खाली ठेवला, पाण्यानं चूळ भरली आणि कोरडा पाव खाल्ला. मला वाटलं, संपलं सगळं.

"कुकर आणायला हवा होता," मी म्हणालो.

"आणला असता. आणि चढवला कुणी असता?"

मी पावाची टोपली तिच्याकडे सरकवली.

"उद्या आधी विचारा," ती म्हणाली. "मासा आहे का, एवढं इटालियन तुम्हाला पाठ होईल." झालं. उरलेल्या सात दिवसांत मी ते चौदा वेळा विचारलं.

परतल्यावर मित्रानं विचारलं, "काय मग, किती वाळलात?"

"माझं वजन तीन पौंड वाढलं, हिचं दोन. सकाळी, उपाशीपोटी, त्याच काट्यावर."

"तरी रोम नाही पाहिलंत म्हणजे कमालच."

"नाही पाहिलं," मी म्हणालो. "आणि पुन्हा गेलो तरी आधी पुलियालाच जाऊ."

ऑक्टोबरात व्हरमाँटला रंगीत पानं बघायला जायचं ठरलं. मित्राचा फोन आला. बायकोनं उचलला.

"वहिनी, कुकर नेहमीप्रमाणे तुमच्याकडेच ना?"

"आहे की. घेऊन जा. शेगडीही न्या," ती म्हणाली. "पण भाऊजी, या वेळी बाथरूममध्ये तुम्ही बसायचं. मी बाहेर उभी राहून खोकते."