कॉकटेल काही गोठेना

मिस्त्रींनी चाळीस वर्षं लोकांचे फ्रीज दुरुस्त केले, पण एकाही फ्रीजच्या आत काय ठेवलंय ते कधी पाहिलं नाही. हा त्यांचा नेमच होता. कुणाच्याही घरात पाऊल टाकलं की आधी सांगायचे, "आतलं सगळं बाहेर काढा, वर फडकं टाका आणि मग मला हाक मारा." कुणाची चार दिवसांची शिळी आमटी, कुणी नवऱ्यापासून लपवलेलं चॉकलेट, यांतलं काही आपल्या नजरेला पडू नये, एवढी त्यांची सभ्यता. "मशीन माझं, पोटातलं तुमचं," असं म्हणून ते फ्रीज भिंतीपासून ओढत आणि पाठीमागे दिसेनासे होत.

सभ्य होते तेवढेच हेकटही होते. फ्रीज गार करत नसेल तर खोट मशीनमध्येच असणार, यावर त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

त्यांच्या स्वतःच्या घरातला फ्रीज म्हणजे तीन मेलेल्या फ्रीजांतून उभा केलेला एक जिवंत फ्रीज. दार एकाचं, पेटी दुसऱ्याची, कॉम्प्रेसर तिसऱ्याचा. पेटी हिरवी आणि दार पिवळट, त्यामुळे नवीन पाहुणा स्वयंपाकघरात आला की आधी त्याच्याकडेच बघत राही. लेक जन्मली त्या वर्षी मिस्त्रींनी तो जोडला होता. आता लेक तीस वर्षांची होऊन विमा कंपनीत नोकरी करत होती आणि तो फ्रीज घरात असल्याची तिला मनापासून लाज वाटत होती.

त्यात रविवारी दुपारी तिच्या ऑफिसातल्या चार मैत्रिणी जेवायला यायच्या होत्या. कुणाच्या तरी घरी तिने फळांचं गोठवलेलं कॉकटेल खाल्लं होतं, चमच्याने खरवडून खायचं, ग्लासात डोंगरासारखं उभं राहणारं. ते तिला घरी करायचं होतं.

"पण या डबड्यात ते गोठणार आहे का, बाबा?" ती म्हणाली.

डबडं म्हटल्यावर मिस्त्री बिथरले. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "रविवारी एकच्या ठोक्याला गोठलेलं नसलं, तर सोमवारी तुझा तो आरशासारखा दोन दारांचा फ्रीज आण. मी स्वतः दार उघडून आत घेईन. पण गोठलं, तर हा फ्रीज इथून हलायचा नाही. कबूल?"

"कबूल," लेक म्हणाली आणि तिने लगेच फोनवर फ्रीज बघायला सुरुवात केली.

पैज फ्रीजवर लागली होती, पण मिस्त्रींनी ती मनाला लावून घेतली ती वेगळ्याच कारणाने. वर्षभरात त्यांची गिऱ्हाइकं ओसरली होती. नव्या फ्रीजांत सर्किटं आली होती आणि ती उघडायला कंपनीची माणसं येत. मिस्त्रींना बोलावणं येई ते अशाच म्हाताऱ्या फ्रीजांसाठी, आणि तीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली होती. आपल्या हातचा फ्रीज आपल्याच घरात हरला, तर हत्यारांची पेटी उचलून माळ्यावर टाकायची आणि पुन्हा खाली काढायची नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं ठरवलं. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. तसंही तिच्याशी बोलणं अलीकडे कमीच होई. रिटायर झाल्यापासून बाई शांत झाल्या होत्या, असं मिस्त्रींचं मत. घर निवांत झालं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतही होतं.

बाईंनी तीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडरचं काम केलं होतं. मिश्रणं, मात्रा, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, सगळं काटेकोर. शुक्रवारी संध्याकाळी त्या कॉकटेल करायला बसल्या त्याही दवाखान्यात बसावं तशाच. अननस मिक्सरमधून काढला, दोन केळी कुस्करली, सहा संत्र्यांचा रस गाळून घेतला, लिंबू पिळलं, साखरेचा पाक करून गार केला. शेवटी मापाच्या रेघांचा काचेचा पेला डोळ्यांसमोर धरून त्यात रम ओतली. बरोबर दीडशे मिली. वर एक थेंब आला तो त्यांनी परत बाटलीत सोडला.

मिस्त्री दारात उभे राहून बघत होते. "एवढीच?"

"एवढीच लागते," बाई म्हणाल्या.

"अगं, खोकल्याचं औषध आहे का ते? चार पोरी येणार, म्हणतील म्हातारा चिकट आहे."

बाई यावर काहीतरी बोलल्या, डबा फ्रीझरमध्ये ठेवला आणि वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या. त्या जिना चढून गेल्याची खात्री झाल्यावर मिस्त्रींनी डबा बाहेर काढला आणि बाटलीत उरली होती तेवढी सगळी रम त्यात रिकामी केली. नीट ढवळलं. चमचा चाटून पाहिला, खूश झाले. रिकामी बाटली हत्यारांच्या पेटीत, चिंध्यांखाली गेली, कारण बाई त्या पेटीला तेलकट म्हणून हात लावत नसत.

शनिवारी सकाळी डबा उघडला तर आत सरबत. दुपारीही सरबतच. दर दोन तासांनी काट्याने खरवडायचं असं लेकीने बजावलं होतं, पण खरवडायला काही असेल तर ना. काटा आत जाई आणि तसाच ओला बाहेर येई. संध्याकाळी लेक डब्यात डोकावली, हसली नाही, नुसती भुवई उडवून गेली. ती भुवई मिस्त्रींना फार लागली.

रविवारी सकाळी नऊ वाजता त्यांनी पेटी काढली.

"आतलं सगळं काढून ठेव," त्यांनी बायकोला सांगितलं. घरचा फ्रीज म्हणून नेमात सूट नव्हती. बाईंनी दूध, भाज्या, लोणी, कॉकटेलचा डबा आणि फ्रीझरमधलं जे काय होतं ते सगळं एका टबात भरलं आणि वरून जाड टॉवेल टाकला. मिस्त्रींनी त्या टबाकडे पाठ केली.

आधी दाराचा रबर तपासला. कागदाची पट्टी दारात अडकवून ओढली, निघेना. रबर ठीक. थर्मोस्टॅट फिरवून पाहिला, ठीक. कॉम्प्रेसर सुरू होता, घुमत होता, हाताला चांगला गरम लागत होता. मग मात्र त्यांनी आपला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला. त्याचं टोक फ्रीझरजवळच्या बारीक तांब्याच्या नळीवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. नळीतून गॅस धावत असला की बारीक सूऽऽ असा आवाज येतो. तेवढा एक आवाज ऐकून मिस्त्री निदान सांगत आणि ते चुकत नसे. या कानाच्या जोरावर त्यांनी संसार केला होता.

त्यांनी कान लावला. कॉम्प्रेसरची घरघर येत होती, पण सू नव्हती.

जागा बदलली. श्वास रोखला. शेजारच्या नळावरचं पाणीसुद्धा बंद करायला लावलं. काही नाही.

मिस्त्री तिथेच फरशीवर बसले. "गेला," ते म्हणाले. "गॅस गेला. कुठेतरी गळती लागलीये. आणि हा जुना गॅस आता कुठे मिळायचा? संपलं सगळं. पोरीला सांग, कर म्हणावं ऑर्डर."

ते हत्यारं एकेक करून पेटीत ठेवू लागले. तीस वर्षांपूर्वी जोडलेला फ्रीज आपल्या डोळ्यांदेखत गेला आणि आपल्याला कळलंही नाही, या विचाराने त्यांना रडूच यायचं बाकी होतं. बाई काही तरी म्हणाल्या. मग पुढे येऊन, खांद्याला धरून पुन्हा म्हणाल्या,

"अहो, येतोय की आवाज."

"कसला?"

"तो सू सू. मघापासून येतोय. मला इथं उभ्यानं ऐकू येतंय."

"काहीतरीच."

बाईंनी सरळ टबावरचा टॉवेल बाजूला केला, बर्फाचा ट्रे काढला आणि ओट्यावर आपटला. खणखणीत, दगडासारखे बारा तुकडे ओट्यावर नाचले. एक घरंगळत मिस्त्रींच्या पायापाशी आला.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा मिस्त्रींनी दुरुस्तीच्या वेळी फ्रीजमधून काढलेल्या वस्तूकडे डोळे उघडे ठेवून पाहिलं. पाण्याचा बर्फ झाला होता. म्हणजे फ्रीज धडधाकट होता. मग त्यांना पेटीतल्या चिंध्यांखालची बाटली आठवली आणि त्यांनी ती बाहेर काढून बायकोसमोर ठेवली. बाईंनी बाटलीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं.

"सगळी?"

"सगळी."

"शुक्रवारीच सांगितलं होतं तुम्हाला. रम जास्त झाली तर गोठत नाही म्हणून. गच्चीवर जाता जाता सांगितलं."

"कधी? मला नाही सांगितलंस."

बाई मग खाली फरशीवर, त्यांच्या शेजारी बसल्या. स्क्रू ड्रायव्हर उचलून त्यांनी तसाच नळीला लावला, मूठ आपल्या कानाला. "सूऽऽ," त्या म्हणाल्या. "अगदी स्पष्ट." मग मूठ मिस्त्रींच्या कानाला लावली. मिस्त्रींनी मान हलवली. त्यांना घरघर तेवढी ऐकू येत होती.

"म्हणजे तुमचा कान गेलाय," बाई म्हणाल्या. "अहो, वर्षभर मी काही विचारलं की तुम्ही गप्प. मला वाटलं, उत्तर द्यायचाही कंटाळा आला माझा. म्हणून मीच बोलणं टाकलं."

मिस्त्रींना उमगलं, घर निवांत झालंय म्हणून आपण खुशीत होतो, आणि ही बिचारी त्याच घरात एकटीने दिवस काढत होती. फ्रीज गेला असता तरी इतकं वाईट वाटलं नसतं.

साडेबाराला लेक मैत्रिणींना घेऊन आली. ओट्यावर बर्फ, टबात दूध, फ्रीज भिंतीपासून हातभर पुढे आणि ग्लासात पातळ कॉकटेल, हे सगळं बघून तिने विचारलं, "गोठलं नाही ना? मग पैज कोण जिंकलं?"

बर्फ दाखवून, बाटली दाखवून मिस्त्रींना सहज सुटता आलं असतं. कानाची गोष्ट घरातल्या घरात राहिली असती. बाईंनी त्यांना डोळ्यांनी खूणही केली. पण ते उभे राहिले आणि त्या चार अनोळखी पोरींसमोर मोठ्याने म्हणाले, "फ्रीज जिंकला. मी सगळी बाटली ओतली म्हणून गोठलं नाही. आणि चांगल्या चालत्या फ्रीजला मी मेला म्हणून सांगत होतो, कारण मला ऐकू येत नाही. उद्या फ्रीज नको आणूस. मला कानाच्या डॉक्टरकडे ने."

लेकीची भुवई या वेळी उडाली नाही. तिने बाबांचा तेलकट हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मैत्रिणींपैकी एकीने प्रसंग ओळखून ग्लास उचलला, एक घोट घेतला, डोळे विस्फारले आणि म्हणाली, "काका, हे गोठलं नाही तेच बरं झालं." मग हशा पिकला आणि जेवणं सुरू झाली. कॉकटेल चमच्याऐवजी ग्लासाने संपलं. दोघी जणी तर जेवण झाल्यावर सोफ्यावर बसल्या त्या संध्याकाळपर्यंत उठल्याच नाहीत.

जेवणाच्या गडबडीत, सगळे एकदम बोलत असताना, पलीकडे बसलेल्या बाईंनी आपला ग्लास खाली ठेवून मिस्त्रींना काहीतरी म्हटलं. मिस्त्रींना नुसते ओठ हलताना दिसले. एरवी त्यांनी मान डोलावून पुढचा घास घेतला असता.

ते ताटावरून उठले, टेबलाला वळसा घालून बायकोपाशी आले आणि कान तिच्या तोंडाजवळ नेला. "काय म्हणालीस? परत सांग."

"लिंबू जरा जास्त झालंय," बाईंनी परत सांगितलं.