फोटोच्या कडा

समोरच्या घरातल्या भाऊंनी निवृत्तीनंतर योगासनांऐवजी इंटरनेटवरचे फोटो पडताळायला शिकवणारा ऑनलाइन वर्ग लावला. तेव्हापासून ते फोटोतला माणूस शेवटी पाहतात. आधी कडा, सावल्या, मागच्या पाट्या. शंका आली की बोलत नाहीत, चष्मा पुसतात. आर्वीतल्या एका पुढाऱ्यानं वृक्षारोपणाचा फोटो टाकला, तेव्हा भाऊंनी तोच फोटो दोन पावसाळ्यांपूर्वीचा शोधून काढला. रोप केव्हाच वाळलं होतं, फोटो मात्र टवटवीत होता.

परवा मी त्यांच्या ओट्यावर बसलो असताना शेजारच्या वहिनी मोबाइल घेऊन आल्या. पुण्याला गेलेल्या मुलानं एका काचेच्या इमारतीसमोर, कोट घालून काढलेला फोटो पाठवला होता.

"इथंच नोकरी हाये म्हणते. लोक म्हणतात, थापा मारून राह्यला. तुमी पाहा बरं, भाऊ."

भाऊंनी इमारतीवरची पाटी नकाशात शोधली. मग फोटो मोठा केला. कोटाच्या फटीतून पहारेकऱ्याचा निळा गणवेश आणि शिट्टीची दोरी मलाही दिसली. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"चष्मा काऊन पुसून राह्यले, भाऊ?"

"धूळ हाये. बिल्डिंग पुण्याचीच हाये, वहिनी. पोरगा तिथंच कामाले हाये. फोटोत काई जोडलं नाई."

"मंग सांगू लोकाइले?"

"बिनधास्त सांगा."

मोबाइल परत देण्याआधी त्यांनी तो फोटो दोन बोटांनी पुन्हा लहान केला.